बिलापलीकडचा खर्च
कर्करोगग्रस्त मुले, त्यांची कुटुंबे आणि दानाची मदत : एक आढावा

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा, आणि त्यातही तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया. डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘एएलएल’. त्यावर वापरली जाणारी मुख्य औषधे, म्हणजे व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, सिक्स-एमपी, प्रेडनिसोलोन, निम्म्या शतकाहून जुनी आहेत. त्यांची पेटंटे केव्हाच संपली. बहुतेक औषधे आपल्याच देशात बनतात आणि त्यातली बरीच स्वस्त आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे पाहिले तर श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत राहते. जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे चार लाख मुलांना हा आजार होतो. भारतातला वेगवेगळ्या अभ्यासकांचा अंदाज वर्षाला ५० ते ७५ हजारांच्या दरम्यानचा आहे.

औषध तेच आणि फरक एवढा, तर तो येतो कुठून? निदानाला उशीर होतो, चुकीचे निदान होते, जवळपास तज्ज्ञ नसतो, उपचार चालू असताना जंतुसंसर्गाने मूल दगावते. आणि उपचार मध्येच सोडून कुटुंब गावी निघून जाते. या यादीतल्या शेवटच्या दोन कारणांपाशी डॉक्टरचे हात तोकडे पडतात. तिथे लागते ती राहायला स्वच्छ जागा, दोन वेळचे जेवण, रेल्वेचे तिकीट आणि कोणीतरी केलेला एक फोन. धर्मादाय संस्थांचे काम तिथे सुरू होते. हे काम म्हणजे उपचाराच्या कडेने होणारी समाजसेवा, की उपचाराचाच भाग, आणि भाग असेल तर त्याची जबाबदारी कोणाची, असा हा वाद आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तो बराच पुढे सरकला आहे.

पार्श्वभूमी : बॉस्टन आणि परळ

मुलांच्या कर्करोगाचे उपचार आणि त्यासाठीची वर्गणी यांचा जन्म जवळजवळ एकाच वेळी झाला. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिले आणि रोग काही काळ का होईना, मागे हटतो हे दाखवून दिले. फॉलिक आम्लाला रोखणारी ही औषधे लेडर्ली कंपनीत ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. आपल्याकडे त्यांचे नाव अजूनही म्हणावे तसे घेतले जात नाही. मे १९४८ मध्ये फार्बर यांच्या रुग्णालयातल्या एका मुलाची अमेरिकेच्या रेडिओवर मुलाखत झाली. श्रोत्यांना त्याचे नाव ‘जिमी’ असे सांगण्यात आले. लोकांनी दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम पाठवली आणि त्यातून ‘जिमी फंड’ उभा राहिला. खरे नाव मात्र पन्नास वर्षे गुप्त राहिले. जिमी केव्हाच गेला असेल असे बहुतेकांनी धरून चालले होते. १९९८ मध्ये कळले की तो मेन राज्यात ट्रक चालवतो आहे, आजोबाही झाला आहे. पुढे १९६२ मध्ये मेम्फिसला डॅनी थॉमस या विनोदी नटाने सेंट ज्यूड रुग्णालय उभारले. तिथे कुटुंबाच्या हाती बिल पडत नाही. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात रुग्ण मुलांच्या आईवडिलांसाठी पहिले रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस सुरू झाले. बिल, मुक्काम आणि संशोधन या तिन्हींसाठी दान ही रीत तिथे अशी घडत गेली.

मुंबईची कथा वेगळ्या वाटेने गेली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यानंतर सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. दानातून जन्म आणि सरकारी खर्चाने संगोपन, असा त्याचा प्रवास. हक्क की दान या पुढच्या वादात दोन्ही बाजू याच रुग्णालयाचा दाखला देतात तो यामुळे. १९५१ मध्ये डॉ. दा. ज. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी काढली, १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आली, १९९४ मध्ये व्ही केअर. यांखेरीज धर्मशाळांची जुनी परंपरा होतीच. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, रुग्णालयासमोर नातेवाइकांना जेवण देणारी जीवन ज्योत. टाटाच्या आसपास राहून गेलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला ही नावे तोंडपाठ असतात.

या सगळ्यात मुलांचा वेगळा विचार मात्र उशिरा आला. मूल म्हणजे छोटा रुग्ण, मोठ्यांच्या रांगेतला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एमसीपी-८४१ ही उपचारपद्धती मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या रुग्णालयांत वापरात आली. भारतासारख्या देशातही एएलएलची बरीच मुले पूर्ण बरी होऊ शकतात हे तिने दाखवले. माझ्या मते पुढच्या बदलाचे मूळ इथे आहे. मूल वाचूच शकत नाही असे वाटत होते तोवर त्याला घरी नेणाऱ्या बापाला कोणी अडवत नव्हते. ते वाचू शकते हे कळल्यावर त्याचे निघून जाणे टोचू लागले. २००४ मध्ये दिल्लीत कॅनकिड्स, २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स (नाव सारखे असले तरी हे मेम्फिसच्या रुग्णालयासारखे रुग्णालय नव्हे, मुक्कामाचे घर आहे), त्यानंतर काही वर्षांत टाटाच्या बालरोग विभागातच सुरू झालेले इम्पॅक्ट फाउंडेशन आणि आहारावर काम करणारे कडल्स फाउंडेशन, ही रांग त्या टोचणीतून लागली.

अर्धवट सुटलेले उपचार

एएलएलचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिले सहा-आठ महिने धावपळीचे असतात : सलाईन, पाठीच्या कण्यातून इंजेक्शने, रक्त, प्लेटलेट, वारंवार भरती. पुढचा काळ मुख्यतः गोळ्यांचा. गंमत अशी की बरेच उपचार नेमके मूल बरे दिसू लागल्यावर सुटतात. महिन्या-दोन महिन्यांत ताप जातो, चेहऱ्यावर तेज येते. गावात पेरणी आलेली असते, घरी दुसरे लेकरू आजीकडे असते, सावकाराचे पैसे वाढत असतात. डॉक्टर म्हणतात अजून दोन वर्षे. घरच्यांना मूल डोळ्यांसमोर खेळताना दिसत असते. डोळ्याच्या कर्करोगात उलट घडते. डोळा काढावा लागेल म्हटल्याबरोबर कुटुंब उठून जाते आणि मग भोंदू वैद्यापासून नवसापर्यंत फिरून परत येते तेव्हा रोग मेंदूकडे सरकलेला असतो.

या सुटण्याकडे पूर्वी ‘पालकांचा निष्काळजीपणा’ म्हणून पाहिले जाई. ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या अनुभवाने ही नजर बदलली. २००४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात तिथल्या एएलएलच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐंशीच्या दशकात तिथे १६ टक्के मुलांचे उपचार मध्येच सुटत आणि रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ३२ टक्के होते. स्वतंत्र बालकर्करोग विभाग, प्रशिक्षित परिचारिका, ठरलेली उपचारपद्धती आणि त्यांच्या जोडीला स्थानिक संस्थेने पुरवलेली राहण्याची जागा, प्रवासखर्च, अन्न व समाजसेवक हे सगळे आल्यावर नव्वदीच्या उत्तरार्धात सुटण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आले आणि रोगमुक्तांचे ६३ टक्क्यांवर गेले.

मुंबईचा अनुभव या निष्कर्षाला दुजोरा देतो. टाटाच्या बालरोग विभागात २००९ च्या सुमारास पाचात जवळपास एक कुटुंब उपचार नाकारत होते किंवा मध्येच सोडत होते. इम्पॅक्टची घडी बसल्यावर काही वर्षांतच ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आणि पुढे त्याखालीही गेले. विभागात दरवर्षी सुमारे दोन हजार नवी मुले येतात हे ध्यानात घेतले तर या टक्क्यांमागे किती घरे आहेत हे कळते. तिथे वेगळे काय केले? पहिल्याच दिवशी कुटुंबाला समाजसेवकाशी गाठ घालून दिली, खर्चाचा आणि मुक्कामाचा विचार निदानाबरोबरच केला, तारखेला न आलेल्या मुलांची यादी ठेवली आणि फोन लावले. ऐकायला साधे वाटते. दोन हजार मुलांसाठी रोज करायचे म्हटले की त्याला पगारी माणसे लागतात.

एक सावध टीप इथे हवी. रेसिफेत काय, परळमध्ये काय, उपचारांचा दर्जा आणि सामाजिक मदत दोन्ही एकाच काळात सुधारले. त्यातला कोणता वाटा कशाचा हे वेगळे काढणे अवघड आहे. मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची चिठ्ठ्या टाकून तुलना करणे कोणालाही मान्य होणार नाही, त्यामुळे पुरावा बहुधा ‘आधी आणि नंतर’ अशाच स्वरूपाचा राहील. आर्थिक-सामाजिक मदतीने उपचार सुटणे कमी होते, याबद्दल मात्र या क्षेत्रात आता फारसा मतभेद उरलेला नाही.

जागा, जेवण, शाळा

मदतीचे प्रकार पुष्कळ आहेत, पण वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा ठरला तो मुक्काम. केमो दिल्यानंतर आठवडाभरात मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली येतात. वॉर्डात सगळ्या भाषांच्या आया त्याला ‘काउंट पडला’ असेच म्हणतात. त्या दिवसांत ताप आला तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे असा दंडक आहे. टिटवाळ्याला नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत उतरलेल्या कुटुंबाच्या मुलाला रात्री दोन वाजता ताप चढला, तर पहिली लोकल सुटेपर्यंतचा वेळ जिवावर बेतू शकतो. पुलाखाली, पदपथावर राहणाऱ्यांचे तर विचारूच नये. म्हणून रुग्णालयापासून जवळ, गाळलेले पाणी, वेगळा पलंग आणि स्वच्छ संडास असलेली जागा हा औषधोपचाराचाच भाग मानावा, असे बालकर्करोगतज्ज्ञ म्हणतात. सेंट ज्यूडच्या परळ, खारघर आणि कॉटन ग्रीनच्या केंद्रांत प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा कप्पा असतो, सामाईक स्वयंपाकघरात स्वतःची चूल, आणि शिधा संस्थेचा. आई आपल्या हाताने मुलाला आवडेल ते रांधते. कॉटन ग्रीनचे केंद्र बंदर विश्वस्त मंडळाच्या जुन्या इमारतींत आहे. मुंबईत जागा नाही ही तक्रार करताना आपण सरकारी मालकीच्या रिकाम्या वास्तूंकडे पुरेसे पाहत नाही, असे ते पाहून वाटते.

जुन्या धर्मशाळांचे समर्थक इथे एक मुद्दा मांडतात, तो दुर्लक्षण्यासारखा नाही. धर्मशाळेचे दार सर्वांना उघडे असते : मूल असो की म्हातारा, पहिल्यांदा आलेला असो की रोग उलटलेला. नव्या बालकेंद्रांत खाटा मोजक्या, म्हणून वय, अंतर, उत्पन्न अशा कसोट्या लावाव्या लागतात. काळजी उत्तम, पण निवडक. उलट बाजूचे म्हणणे असे की गर्दीच्या सामाईक खोलीत, जिथे शेजारच्याला क्षयाचा खोकला असू शकतो, तिथे काउंट पडलेले मूल ठेवणे ही मदतच नव्हे. दोघांचेही खरे आहे, आणि म्हणून परळ-दादर पट्ट्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालू आहेत.

जेवणाचेही असेच. कुपोषित मुलाला केमो झेपत नाही, मात्रा कमी करावी लागते, संसर्ग लवकर होतो. त्यामुळे रुग्णालयात आहारतज्ज्ञ नेमणे आणि घरी जाताना शिध्याची पिशवी देणे हे आता अनेक केंद्रांत रूढ झाले आहे. शाळेसाठी कॅनकिड्सची ‘कॅनशाला’ आहे. रक्त आणि प्लेटलेट यांचा भार मुंबईची रक्तदान शिबिरे पुष्कळसा उचलतात, फक्त मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीत टंचाई ठरलेली. रेल्वेची सवलत सर्वांत जुनी आणि सर्वांत बिनबोभाट : उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि थ्री-टियर वातानुकूलित डब्यात तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट.

हक्क की दान

सर्वांत जुना आणि अजून न मिटलेला मतभेद हा. एका बाजूचे म्हणणे असे : मुलाचा जीव हा दात्याच्या मर्जीचा विषय असूच नये. दान आज येते, उद्या आटते. ते हसऱ्या, गोड मुलाकडे आधी जाते, आणि संस्थांनी भार उचलला की सरकार निवांत होते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. २०१८ पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना आहे. या योजना भक्कम करणे हाच मार्ग, असे हा पक्ष मानतो.

दुसरी बाजू म्हणते, योजनेचे पॅकेज रुग्णालयाला पैसे देते, कुटुंबाला नव्हे. बापाची बुडालेली मजुरी, मुक्काम, रोजचा प्रवास, घरी राहिलेल्या भावंडांचा खर्च यातले काहीच त्यात बसत नाही. शिवाय कागद. शिधापत्रिका दुसऱ्या राज्याची, आधारवरचे नाव वेगळे, तहसीलदाराचा दाखला यायला पंधरा दिवस. एएलएलचे मूल तेवढे थांबू शकत नाही. टाटाच्या वॉर्डात बिहार, उत्तर प्रदेश, बंगालची मुले मोठ्या संख्येने असतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. प्रत्यक्षात समाजसेवक काय करतो? थोडे योजनेतून, थोडे मुख्यमंत्री सहायता निधीतून, थोडे पंतप्रधान मदत निधीतून, एखाद्या देवस्थानचा धनादेश, दोन-तीन ट्रस्ट, अशी गोधडी शिवून एका मुलाचे ‘एस्टिमेट’ भरून काढतो. सरकारी आणि खासगी असा भेद त्या फायलीत उरत नाही.

महाराष्ट्रात या दोन टोकांच्या मधोमध एक चमत्कारिक व्यवस्थाही आहे, आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए नुसार धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेने त्याची चौकट घालून दिली. म्हणजे कायद्याने लादलेले दान. अडीच वर्षांच्या, सतत भरती लागणाऱ्या बालकर्करोगाच्या उपचाराला एकदा मिळणारी मोफत खाट कितपत उपयोगी पडते, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

दान विरुद्ध हक्क ही फाळणी वाटते तितकी सरळ नाही, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ग्लिव्हेकचा खटला. इमॅटिनिब (ग्लिव्हेक हे त्याचे व्यापारी नाव) हे औषध प्रौढांच्या एका रक्तकर्करोगात आणि एएलएलच्या एका विशिष्ट प्रकारात मुलांनाही लागते. तेव्हा मूळ कंपनी नोव्हार्टिसचे औषध महिन्याला लाखाच्या वर होते आणि भारतीय पर्याय आठ-दहा हजारांत. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही मूळची औषधवाटप करणारी संस्था. तिने नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला हरकत घेतली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील नामंजूर केले. औषधे वाटून जितक्यांना मदत झाली असती त्याच्या कितीतरी पट कुटुंबांना त्या एका निकालाने झाली. अलीकडे नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे २०१२ मध्ये सुरू झालेल्या रुग्णालयांच्या जाळ्याने, एकत्रित खरेदी करून औषधांच्या किमती मोठ्या प्रमाणात खाली आणल्या. दात्याचा रुपया त्यामुळे आपोआप लांब पुरू लागला.

चेहरा आणि वर्गणी

जिमीचे नाव पन्नास वर्षे लपवले गेले. आज मोबाइलवर नाकात नळी घातलेल्या मुलाचा फोटो, त्याचे नाव, गाव, आईचे रडणे आणि खाली रकमेची पट्टी, असे आवाहन रोज येते. समूहनिधीच्या संकेतस्थळांनी गेल्या दशकात पैसा उभारण्याची गती बदलून टाकली हे निर्विवाद. ज्या कुटुंबाला कोणत्याच योजनेत जागा नाही त्याला चार दिवसांत काही लाख मिळू शकतात. आक्षेप दोन प्रकारचे आहेत. एक मुलाच्या खासगीपणाचा : हे मूल वाचले, वीस वर्षांचे झाले, नोकरीला किंवा लग्नाला उभे राहिले, तरी तो फोटो कुठेतरी राहणारच, आणि संमती त्याची नव्हतीच. दुसरा न्याय्यतेचा. ज्याच्या घरात स्मार्टफोन, इंग्रजी लिहिणारा मामा आणि शहरी ओळखी, त्याचे आवाहन पसरते. मेळघाटातल्या मुलाचे तयारच होत नाही. रुग्णालयातच निधी गोळा करून गरजेप्रमाणे वाटावा, मुलाचा चेहरा दाखवू नये, असे मानणाऱ्या संस्थांचा कल त्यामुळे वाढतो आहे. पण चेहरा नसलेल्या निधीला छोटे दाते कमी मिळतात, हेही त्याच संस्था कबूल करतात.

१९९६ मध्ये भारतात आलेल्या मेक-अ-विशसारख्या, मुलांच्या इच्छा पुरवणाऱ्या कामाबद्दल असाच संमिश्र सूर आहे. सायकल किंवा नटाची भेट यापेक्षा तो पैसा औषधाला द्यावा, असे म्हणणारे आहेत. महिनोन्‌महिने सुया टोचून घेणाऱ्या मुलाला स्वतः काही मागता येण्याचा तो एकच प्रसंग असतो, असे वॉर्डात काम करणारे सांगतात. मला दुसरे म्हणणे पटते, पण त्याला आकडेवारीचा आधार देता येणार नाही.

पैशाच्या स्रोतांवर थोडक्यात एवढेच. कंपनी कायद्यानुसार २०१४ पासून आलेल्या सामाजिक जबाबदारीच्या निधीने मोठी रक्कम आली, पण कंपन्यांना यंत्र, इमारत, फीत कापणे सोयीचे. समाजसेवकाचा पगार नाही. २०२० च्या परदेशी देणग्यांच्या कायद्यातील दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने छोटीला निधी पुढे देणे बंद झाले. समुपदेशन आणि पाठपुरावा हेच ज्यांचे काम, त्यांचा पगार ‘प्रशासकीय’ धरायचा की कामाचा, हा वाद त्यानंतर धारदार झाला.

मुंबई की गाव

परळमध्ये जितक्या खाटा वाढतील तितकी कुटुंबे परळला येतील, अशी एक टीका आहे. चंद्रपूरच्या कुटुंबाने मुंबईत आठ महिने राहावे म्हणून दान देण्याऐवजी नागपूरला उपचार उभे करावेत. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय, मिरजेला सिद्धिविनायक, अशी केंद्रे आहेत. प्रतिपक्ष विचारतो : इमारत आहे, पण मुलांचा कर्करोगतज्ज्ञ, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि मुलांना सांभाळणारी परिचारिका एकाच छताखाली किती ठिकाणी आहे? अर्धवट सोयीच्या ठिकाणी उपचार सुरू झालेले मूल अधिक बिघडलेल्या अवस्थेत मुंबईला येते.

मधला मार्ग सर्वांना कागदावर मान्य आहे : अवघड टप्पा मोठ्या केंद्रात, गोळ्यांचा टप्पा घराजवळ. तो चालायचा तर जिल्ह्याच्या डॉक्टरला फोनवर सल्ला, सिक्स-एमपीचा अखंड पुरवठा आणि रक्ततपासणीची सोय हवी. दात्यांच्या दृष्टीने यात पाटी लावण्याजोगे काहीच नाही; बहुधा त्यामुळेच ते काम मागे पडले आहे.

उपचार संपल्यावर, आणि संपले नाहीत तेव्हा

टाटामध्ये १९९१ पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र दवाखाना चालतो, डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी तो सुरू केला. हृदयावर, वाढीवर, प्रजननक्षमतेवर औषधांचे उशिरा दिसणारे परिणाम तिथे तपासले जातात. २००९ मध्ये बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट उभा राहिला. तिथे येणाऱ्यांचे प्रश्न वेगळे : विमा मिळत नाही, मुलाखतीत सांगावे की नाही, मुलीच्या लग्नात लपवावे की नाही. देणगीदारांच्या मनात मात्र शेवटची केमो झाली की गोष्ट संपते.

मुळात मुली रुग्णालयात येतातच कमी. मुलांच्या कर्करोगात मुलगे थोडे अधिक असणे जगभर दिसते, पण भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींतली तफावत लोकसंख्येच्या नोंदींतल्या तफावतीहून बरीच मोठी आहे. म्हणजे काही मुली निदानानंतर किंवा त्याआधीच वाटेत गळतात. फक्त मुलींसाठी वेगळा निधी ठेवावा का, यावर मतैक्य नाही. काहींना तो आवश्यक वाटतो. इतरांच्या मते सर्वांचाच खर्च शून्यावर आणला की भेद आपोआप कमी होईल.

जी मुले वाचणार नाहीत त्यांच्यासाठी दान सर्वांत तोकडे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, गोव्यात लोटलीलाही त्यांचे केंद्र आहे. पण खास मुलांसाठीच्या सोयी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बरे होण्याची शक्यता ही मदतीची अट ठेवणाऱ्या संस्थांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे : पैसा मर्यादित, मग जिथे जीव वाचेल तिथे तो आधी. नव्या उपचारांनी हा प्रश्न आणखी चिघळेल. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी विकसित केलेल्या सीएआर-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये १५ वर्षांवरील रुग्णांसाठी परवानगी मिळाली. परदेशात काही कोटींत जाणारा हा उपचार इथे ३०-४० लाखांच्या घरात आला, ही मोठीच मजल. तेवढ्या रकमेत एएलएलच्या अनेक नव्या मुलांचे संपूर्ण उपचार होतात. रोग उलटलेल्या एका मुलाची फाईल आणि नव्या मुलांच्या फायली एकाच निधीसमितीच्या टेबलावर येतात तेव्हा काय निकष लावावा, याचे लिखित उत्तर फार थोड्या संस्थांकडे आहे.

काय अनिर्णित आहे

पहिली अडचण मोजणीची आहे. एकाच मुलाला मुक्काम एका संस्थेचा, शिधा दुसरीचा, औषध तिसरीचे आणि शाळा चौथीची असेल, तर चारही वार्षिक अहवालांत ते मूल येते. सामाईक नोंद नसल्याने एकूण किती मुलांपर्यंत मदत पोहोचली आणि किती सुटली हे सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवलेले उद्दिष्ट, २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, आपण गाठले की नाही हे ठरवण्यासाठीही अशी नोंद लागेल.

दुसरी रोख रकमेची. मदत वस्तू आणि सेवांच्या रूपात द्यावी, रोख दिली तर ती कर्जफेडीत किंवा दारूत जाईल, असा समज संस्थांत खोल रुजलेला आहे. पण क्षयरुग्णाला पोषणासाठी थेट बँक खात्यात दरमहा पैसे देण्याची सरकारी योजना २०१८ पासून देशभर चालू आहे. सुरुवातीला ५०० रुपये, २०२४ अखेरीपासून १,०००. कर्करोग झालेल्या मुलाच्या घराला अशी राष्ट्रीय योजना नाही. अडीच वर्षे एका पालकाची मजुरी बुडणे हा उपचाराच्या खर्चाचा भाग धरायचा का, आणि धरला तर तो सरकारने द्यायचा, रुग्णालयाच्या निधीने की मुक्काम देणाऱ्या संस्थेने, यावर या तिघांची एकत्र बैठक व्हायला हवी. समाजसेवक सध्या हा खर्च आपल्या तक्त्यात ‘इतर’ या रकान्यात लिहितात.